आधी पाणी, मग औषधाचं बघू

पत्र (जागेसाठी थोडं कापलंय):

"ताई, माझा भाचा मुंबईला रूमवर राहायचा तेव्हा त्याने पाण्यात राहणारा, चार पायांचा, बेडकाच्या नात्यातला एक अ‍ॅक्सोलॉटल घेतला होता. आता नोकरी बेंगळुरूला लागली, तर जाताना टाकी आमच्याकडे देवगडला आणून पडवीत ठेवून गेला, म्हणाला मावशी थोडे दिवस सांभाळ, गणपतीला येईन तेव्हा नेतो. आणला तेव्हाच बारीक होता. आम्ही तो देऊन गेला ते माशांचे दाणे रोज टाकतो. आता मानेजवळची लाल पिसं झडून नुसते खुंट राहिलेत, त्यावर पांढरं कापसासारखं आलंय, मागचा भाग वर तरंगतो, एका पायाची बोटं दिसत नाहीत, आणि चार दिवस काही खाल्लेलं नाही. पाण्याला वास येतो. दुकानदार निळं औषध घाला म्हणतो, कोणी मिठाच्या पाण्यात बुडवा म्हणतं. गुरांचे डॉक्टर म्हणाले असला प्राणी मी आयुष्यात पहिल्यांदा बघतोय. सासूबाई रोज एकच सांगतात, 'ह्या काय सरड्याचा पोर हाडलंस घरात, व्हाळात (ओढ्यात) नेवन सोड.' जगेल का हो? आणि जगलाच तर भाच्याला परत द्यायचा का?"

ताई, जगू शकतो. तुम्हाला बरं वाटावं म्हणून नाही सांगत, हा प्राणी खरंच चिवट आहे, तुटलेला पाय नव्याने उगवतो त्याचा, हाडासकट, कल्ल्यांची झडलेली पिसं तर त्याच्यासाठी त्यामानाने किरकोळ काम. पण हे सगळं तो करतो कधी, तर पाणी थंड असेल, स्वच्छ असेल आणि पोटात काहीतरी असेल तेव्हा, आणि तुमच्या पत्रावरून या तीनपैकी एकही गोष्ट सध्या त्याच्याकडे नाहीये. त्यामुळे आज रात्री ना निळं औषध, ना मीठ. आज फक्त पाणी.

का ते सांगते, म्हणजे पुढचं सगळं लक्षात राहील. टाकलेले दाणे त्याने खाल्ले नाहीत की ते तळाशी कुजतात, त्यातून अमोनिया तयार होतो, त्याची स्वतःची शी आणि कल्ल्यांवाटे बाहेर पडणारा अमोनिया वेगळाच. चालू टाकीत फिल्टरमध्ये जिवाणू वस्तीला असतात, ते हा अमोनिया फस्त करून आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात, पण मुंबईहून देवगडपर्यंत फिल्टर बंद पडून, सुकून आला असणार, म्हणजे ते जिवाणू वाटेतच मेले. आता अमोनिया साठत जातो आणि कल्ले भाजतात, अक्षरशः भाजतात, आणि भाजून मेलेल्या कातडीवर पाण्यातली बुरशी चढते तेच तुम्हाला दिसतंय ते पांढरं. त्यात पडवीतलं पाणी पावसाळ्यातसुद्धा २७-२८ अंशांना असणार. पाणी जितकं गरम तितका त्यात प्राणवायू कमी विरघळतो आणि तितकीच या प्राण्याची भूक आणि प्राणवायूची गरज वाढते, म्हणजे दोन्हीकडून मार. बुरशी हा आजाराचा शेवट आहे, सुरुवात नाही, म्हणून नुसत्या बुरशीला औषध मारून काही होत नाही, ती परत येते.

हा मूळचा मेक्सिको सिटीतल्या शोचिमिल्को नावाच्या भागातल्या कालव्यांमधला, समुद्रसपाटीपासून सव्वादोन हजार मीटरवर, पाणी बाराही महिने गार. त्याला १६ ते १८ अंश लागतात, २० पर्यंत चालवून घेतो, २४ च्या वर गेलं की आजारी पडायला लागतो. तुमच्या माहितीसाठी, तिकडे जंगलात तो जवळपास संपत आलाय, १९९८ साली एका चौरस किलोमीटरमध्ये सहा हजारांच्या आसपास मोजले होते ते २०१४ ला ३६ वर आले, आणि इकडे दुकानांमध्ये मात्र पोरांना गोड दिसतो म्हणून सर्रास विकतात, घेणाऱ्याला तापमानाबद्दल कोणी चकार शब्द सांगत नाही. भाच्यालाही सांगितलं नसणार.

तर आता काय करायचं. त्याला त्या काचेच्या टाकीतून बाहेर काढा आणि टबमध्ये ठेवा. दहा-बारा लिटरचा प्लॅस्टिकचा टब किंवा डबा, धान्याचा असतो तसला, नवा किंवा ज्याला कधी साबण, फिनेल लागलेलं नाही असा. पहिल्या दिवशी टबातलं पाणी टाकीतल्या पाण्याइतक्याच तापमानाचं घ्या, एकदम गार नको, आजारी प्राण्याला घाण पाण्यातून स्वच्छ पाण्यात जाणं एवढा एक बदल त्या दिवशी पुरे. पाणी उथळ, त्याची पाठ बुडून वर चार बोटं राहील इतकंच, कारण मागचा भाग तरंगतोय तर खोल पाण्यात तो खाली जायची धडपड करून दमतो. उचलायला जाळी वापरू नका, कल्ले आणि बोटं अडकतात त्यात, एखादा वाडगा पाण्यात बुडवून त्याला आत येऊ द्या आणि वाडग्यासकट हलवा. वर जाळीचं झाकण किंवा भोकं पाडलेलं झाकण, ही मंडळी उडी मारतात. लपायला पीव्हीसी पाइपचा तुकडा किंवा फुटक्या मडक्याचा कड घासून गुळगुळीत केलेला तुकडा, आणि टब माजघरात, अंधाऱ्या कोपऱ्यात, जमिनीवर. पडवीत नको, तिथे दिवसभर उजेड आणि येणारे-जाणारे.

मग रोज, म्हणजे रोजच, संध्याकाळी सगळंच्या सगळं पाणी बदलायचं. दोन टब ठेवलेत तर सोपं जातं, एकात तो आणि दुसऱ्यात उद्याचं पाणी त्याच तापमानाला तयार. हेच खरं औषध आहे आणि ते कंटाळवाणं आहे म्हणून लोक दुकानातली बाटली शोधत बसतात.

पाणी कुठलं घ्यायचं हे नीट वाचा कारण आपल्याकडे यातच घोळ होतो. विहिरीचं असेल तर चांगलं, पण पावसाळ्यात ग्रामपंचायत विहिरीत टीसीएल पावडर (क्लोरीनवाली ब्लीचिंग पावडर) टाकते ना, तर टाकल्यावर तीन-चार दिवस ते पाणी घेऊ नका, किंवा घेतलंच तर उघड्या बादलीत २४ तास ठेवून मग वापरा. नळाचं पाणी असेल तर तेच, शिवाय अ‍ॅक्वेरियमच्या दुकानात अँटी-क्लोरीनचे थेंब मिळतात ते घाला, फक्त त्यात कोरफड नसलेलं घ्या, कोरफडवालं माशांना चालतं, याला नको. दुसरं म्हणजे आपल्या जांभ्या दगडातलं पाणी फार हलकं असतं, क्षार कमी आणि किंचित आंबट, आणि अ‍ॅक्सोलॉटलला उलट जरा जड पाणी मानवतं. त्यावर उपाय तुमच्या घरातच आहे, तिसऱ्या आणता ना त्याच्या रिकाम्या शिंपल्या, पण कालवणातल्या तेल-मसाला लागलेल्या नकोत, वेगळ्या काढून उकळून, ब्रशने घासून, उन्हात वाळवून (पावसात ऊन कधी मिळेल तेव्हा) एका फडक्यात बांधून साठवणीच्या बादलीत टाकून ठेवा. हळूहळू चुना पाण्यात उतरतो. फार मोठा फरक पडेल असं नाही पण फुकटात होतंय तर करा. शिंपल्या बादलीतच, त्याच्या टबात नको, गिळेल.

आता थंडावा, आणि इथे खरी परीक्षा आहे. देशावर लोक टाकीवर छोटा पंखा लावतात, पाण्याची वाफ होते आणि तीन-चार अंश उतरतात. आपल्याकडे हवेतच इतकं पाणी आहे की वाफ व्हायलाच मागत नाही, पंख्याने एखाद-दुसरा अंश उतरला तर नशीब. विहिरीचं पाणी हाताला गार लागतं पण थर्मामीटर टाकून बघा, २६-२७ निघेल. म्हणून बंदरावर मासळीला वापरतात ती थर्माकोलची पेटी आणा, नवी, मोठी. त्यात अर्धं पाणी भरा आणि त्या पाण्यात त्याचा टब ठेवा. फ्रीझरमध्ये अर्ध्या लिटरच्या बाटल्या पाणी भरून गोठवा आणि त्या बाटल्या पेटीच्या पाण्यात सोडा, त्याच्या टबात नाही. म्हणजे बाहेरचं पाणी गार होतं आणि त्यामुळे आतलं हळूहळू गार होतं, झटका बसत नाही. बर्फाचे तुकडे थेट टबात कधीही टाकायचे नाहीत, कितीही घाई असली तरी. दिवसाला दोन-तीन अंशांपेक्षा जास्त खाली आणू नका, चार-पाच दिवसांत १८ ला पोचलात तरी खूप झालं, आणि एकदा पोचलात की तिथे टिकवा, सकाळी १७ आणि दुपारी २४ असं होण्यापेक्षा कायम २० बरं. थर्मामीटर घ्याच, अ‍ॅक्वेरियमचा साधा काचेचा अगदी स्वस्त मिळतो, हात लावून अंदाज करू नका.

लाइट जाणार हे धरूनच चाला. जुलैत वादळी पाऊस झाला, एखादा माड तारांवर पडला की रात्रभर फीडर बंद, फ्रीझर बंद, बाटल्या वितळल्या. अशा वेळी बंदरावरच्या बर्फाच्या फॅक्टरीतून लादीचा तुकडा आणायचा आणि पिशवीत घालून पेटीच्या पाण्यात ठेवायचा, थर्माकोलचं झाकण लावलं (हवेला फट ठेवून) तर रात्र निघते. होड्यांसाठी बर्फ लागतोच, मिळून जाईल. बॅटरीवर चालणारा एअर पंप मिळतो तोही एक घेऊन ठेवा, एरवी साधा एअर पंप बारीक बुडबुड्यांवर, जोराचा प्रवाह नको. कल्ले पुढच्या बाजूला वाकवून ठेवत असेल किंवा शेपटीचं टोक आकड्यासारखं वळवत असेल तर प्रवाह जास्त आहे किंवा पाणी खराब आहे, असं समजा.

तीन-चार दिवस एवढं केलंत की मग त्या पांढऱ्या बुरशीकडे बघू. बऱ्याच वेळा पाणी गार आणि स्वच्छ झालं की ती आपोआप सुटायला लागते. नाही सुटली तर चहा. हसू नका, खरंच चहा. साधी काळी चहा पावडर चमचाभर फडक्यात बांधून किंवा एक टी-बॅग, गरम पाण्यात दहा-पंधरा मिनिटं, मग पूर्ण गार करून आठ-दहा लिटरच्या टबात ओतायची. चहातलं टॅनिन कातडीला थोडं आवळून धरतं आणि बुरशीला आवडत नाही. आपल्या घरचा चहा मात्र नको हां, आलं, गवती चहा, दूध, साखर काहीही नको. आणि यापेक्षा सोपं म्हणजे बदामाचं पान, ते लाल होऊन गळतं ना, शाळेच्या पटांगणात नाहीतर समुद्रावर ढीग पडलेला असतो. जगभरचे मासेवाले ही पानं पॅकेटमध्ये विकत घेतात आणि आपण झाडून जाळतो. झाडावरून आपोआप गळलेलं, सुकं तपकिरी पान, डाग-बुरशी नसलेलं, रस्त्याकडेचं धुरकट नको, धुऊन एक-दोन टाका टबात. पाणी चहाच्या रंगाचं होईल, घाबरू नका, त्यालाही जरा अंधार मिळतो.

मीठ काम करतं, खोटं नाही सांगत, पण ते कल्ल्यांना झोंबतं आणि याचे कल्ले आधीच भाजलेत. चहा-पानाने आठवड्यात फरक नाही पडला तरच, लिटरला दोन छोटे चमचे साधं खडा मीठ पूर्ण विरघळवून, टबाच्याच तापमानाला, वेगळ्या भांड्यात दहा मिनिटं, दिवसातून दोन वेळांपेक्षा जास्त नाही, आणि तो तडफडायला लागला तर दहा मिनिटांची वाट न बघता काढायचा. समुद्राचं पाणी आणून त्यात बुडवू नका, हे मुद्दाम लिहितेय कारण समोर समुद्र आहे तर कोणीतरी सुचवणारच. निळं औषध म्हणजे मेथिलिन ब्लू असेल तर ते डॉक्टरांना विचारून, कमी प्रमाणात, वेगळ्या टबात देता येतं, पण दुकानातल्या निळ्या-हिरव्या बाटलीत नक्की काय आहे हे लेबलवर धड लिहिलेलं नसतं आणि तांबं, मॅलाकाइट ग्रीन, फॉर्मेलिन यातलं काहीही असेल तर माशाला चालणारा डोस याला मारतो. याच्या अंगावर खवलं नाही, कातडीतून सगळं आत शोषलं जातं. त्याच कारणाने टबात हात घालण्याआधी हात नुसत्या पाण्याने चोळून धुवा, डासांचं क्रीम, साबण, खोबरेल काही नको, आणि त्या खोलीत मच्छर अगरबत्ती आणि स्प्रे बंद.

तरंगण्याबद्दल. टाकीत तळाला रंगीत खडे होते का ते तुम्ही लिहिलं नाहीत, पण भाच्याने सजवलेली टाकी म्हणजे असणारच. अ‍ॅक्सोलॉटल खाताना तोंड झटकन उघडून पाण्यासकट घास ओढतो, त्यात खडाही जातो आणि आतडं तुंबतं. शिवाय दाणे पोटात फुगतात, गॅस होतो, आणि प्राणवायू कमी पडला की तो वर येऊन हवा गिळतो, तीही अडकते. टबाला खालून टॉर्च लावून पोटात काही गडद कडक दिसतं का बघा. बहुतेक वेळा थंड पाणी आणि दोन-तीन दिवस उपास यानेच शी होते, तपकिरी घट्ट गोळा पडतो, आणि मागचा भाग खाली बसतो. इंटरनेटवर वाचाल की फ्रिजमध्ये ठेवा. अनुभवी लोक करतात तसं, पण इतक्या अशक्त प्राण्याला, तेही लाइटचा भरवसा नसताना, तुम्ही करू नका.

खाण्याचं मन लावून सांगते कारण जगणं-मरणं पुढे यावरच आहे. पाणी २० च्या खाली येईपर्यंत काहीच देऊ नका, गरम पाण्यात आजारी पोटात घातलेलं सडतं. मग गांडूळ. दाणे फेकून द्या, कोंबड्यांना द्या, काहीही करा. गांडूळ हे त्याचं पूर्णान्न आहे आणि आत्ता पावसात तुमच्याकडे हवं तेवढं. पण कुठलं ते बघून घ्या. आंब्याच्या कलमांच्या बुंध्याजवळचं नको, देवगडात कलमांना कल्टार (वाढ रोखून मोहर आणायचं औषध) घालतात आणि मोहराच्या वेळी फवारण्या किती होतात ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहिती, ते सगळं त्या मातीत असतं. गांडूळखताच्या टाकीतली लालसर बारीक गांडुळं घेतलीत तर तो तोंडात घेऊन थुंकेल, ती जात कडू पिवळा रस सोडते, तेव्हा दोन-चार सेकंद उकळत्या पाण्यात बुडवून, धुऊन, गार करून द्या. सगळ्यात छान म्हणजे परसातल्या केळीखालचं किंवा जिथे कधी काही फवारलं नाही तिथलं मातकट गांडूळ. धुवायचं, त्याच्या डोक्याच्या रुंदीइतका तुकडा करायचा आणि नाकासमोर चिमट्याने (टोकाला रबर लावलेला किंवा प्लॅस्टिकचा) हळू हलवायचा. त्याला धड दिसत नाही, हालचाल आणि वास यावर तो झडप घालतो. सासूबाईंसमोर करू नका एवढंच.

पहिल्या दिवशी एक तुकडा. नाही घेतला तर पंधरा-वीस मिनिटांनी उचलून घ्या, तसाच ठेवून झोपायचं नाही, नाहीतर परत अमोनिया. दुसऱ्या दिवशी परत. घ्यायला लागला की रोज थोडं थोडं, भूक दिसली म्हणून एकदम तीन गांडुळं नकोत, उपाशी पोटाला ते झेपत नाही, उलटून टाकेल. पंधरा दिवसांनी वाढवत न्या. पोट डोक्याच्या रुंदीइतकं भरलं की मग आठवड्यातून दोन-तीनदा पुरे. अगदीच गांडूळ घेत नसेल तर अ‍ॅक्वेरियमच्या दुकानात फ्रोझन ब्लडवर्म मिळतात ते चव लावायला चालतात, पण नुसत्या त्यावर अंगात भरणार नाही. बाजारातला बांगडा, तारली, सुका जवळा असलं काही देऊ नका, घरात आहे म्हणून मोह होतो, पण ते खारं आणि तेलकट, याचं अन्न नाही ते. आठवड्यातून एकदा स्वयंपाकघरातल्या ग्रॅमच्या काट्यावर पाण्याच्या वाडग्यासकट वजन करा आणि वहीत लिहा, डोळ्यांना रोज बघून फरक कळत नाही, आकड्यात कळतो.

किती दिवस लागतील. बुरशी आठ-पंधरा दिवसांत गेली पाहिजे. कल्ल्यांच्या खुंटावर आधी बारीक गुलाबी लव दिसेल, ती पिसं नीट भरायला महिना-दोन महिने. बोटं त्याहून उशिरा, आणि पोटात अन्न नसेल तर उगवणारच नाहीत, शरीर आधी जीव वाचवतं मग बोटं. उलट सगळं अंग पाण्याने भरल्यासारखं टम्म फुगलं, कातडीचे पापुद्रे निघायला लागले, उताणा पडून राहिला आणि स्पर्शालाही हलला नाही, तर ते घरच्या उपायांच्या पलीकडचं आहे. मुंबई-पुण्यात कासवं, इग्वाना वगैरे बघणारे एक्झॉटिक पेटचे डॉक्टर आहेत, त्यातले काहीजण व्हिडिओ कॉलवर बघतात, नंबर आत्ताच शोधून ठेवा, वेळ आल्यावर नको. तुमच्या गुरांच्या डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं मला माहीत नाही म्हणून, मला आवडला तो माणूस, मुंबईच्या डॉक्टरांशी त्यांचं बोलणं करून दिलंत तर गरज पडल्यास औषध-इंजेक्शन तेच देऊ शकतील. आणि हेही लिहायला हवं, सगळं नीट करूनही जाऊ शकतो तो, किडनी आधीच गेली असेल तर बाहेरून कळत नाही. गेला तर तुमच्या हातून गेला असं समजू नका, तुमच्याकडे आला तेव्हाच तो बारीक होता हे तुम्हीच लिहिलंय.

सासूबाईंना सांगा की हा सरड्याचा नाही, बेडकाचा चुलतभाऊ आहे, आयुष्यभर पोरवयातच राहतो आणि पाण्यातून बाहेरच येत नाही. चावत नाही, विषारी नाही. व्हाळात मात्र अजिबात सोडायचा नाही. एक तर दोन दिवसांत मरेल, दुसरं, परदेशी उभयचरांबरोबर कातडीचे रोग येतात, बेडकांना मारणारी एक बुरशी तर जगभर अशीच पसरली, आणि आपल्या सह्याद्रीत असे बेडूक आहेत जे दुसरीकडे कुठेच नाहीत, आंबोलीचा टोड तुमच्यापासून काही फार लांब नाही. त्याच कारणाने टबातलं रोजचं पाणीसुद्धा विहिरीच्या बाजूला किंवा व्हाळात ओतू नका, माडाच्या मुळात ओता, जिथून ते वाहून जाणार नाही.

कागदाचं एक काम आहे जे भाच्याने केलेलं नसणार. वन्यजीव कायद्यात २०२२ ला दुरुस्ती झाली तेव्हा साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीतले प्राणीही कायद्यात आले, अ‍ॅक्सोलॉटल त्या यादीत परिशिष्ट दोनमध्ये आहे, आणि २०२४ च्या नियमांनुसार असा प्राणी पाळणाऱ्याने सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद करायची असते, हातबदल झाला तर तोही कळवायचा असतो. भाच्याला फोन करा आणि विचारा नोंद केलीयस का, बिल आहे का. नसेल तर सावंतवाडीच्या वन विभागाच्या ऑफिसला तुम्हीच स्वतःहून विचारलेलं बरं, लपवाछपवीत अर्थ नाही.

राहिला भाचा. गणपतीला देऊ नका. एक म्हणजे तोवर हा जेमतेम सावरत असेल. दुसरं, चतुर्थीला तुमच्या घरात वीस-पंचवीस माणसं, पोरं टबाचं झाकण उघडणार, आरत्या, फटाके, धुपाचा धूर, तेव्हा टब आतल्या खोलीत हलवा आणि दाराला कडी घाला. आणि तिसरं, चाकरमान्यांच्या गर्दीत बसमधून बेंगळुरूपर्यंत नेणं म्हणजे दीड महिन्याची मेहनत पाण्यात.

पण कायमचा तुम्हीही ठेवू नका, हे तुम्हाला आवडणार नाही तरी लिहिते. पावसाळ्यात थर्माकोल आणि बाटल्यांवर भागेल. मार्च उजाडला की पडवीत ३४-३५, पाणी तिशीला, दिवसाला कितीतरी बाटल्या आणि त्यात लाइट जाणार, ते एका माणसाला झेपत नाही. पाणी गार करणारं चिलर मशीन घेतलंत आणि इन्व्हर्टर जोडलात तर गोष्ट वेगळी, त्याची किंमत विचारून बघा आणि मग ठरवा. बेंगळुरूची हवा आपल्यापेक्षा खूप बरी आहे, त्यामुळे भाच्याला चान्स द्यायला माझी हरकत नाही, पण रिकाम्या हाताने नाही. त्याला सांगा, आधी निदान ७५-८० लिटरची टाकी लाव, तळाला खडे नकोत, स्पंज फिल्टर, चिलर, आणि प्राणी नसताना ती टाकी सहा-आठ आठवडे चालव, अमोनिया टाकून, जिवाणू तयार होईपर्यंत. मग लिक्विड टेस्ट किटने अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, नायट्रेट २० च्या आसपास असे तीन रंगांचे फोटो लागोपाठ आठवडाभर तुम्हाला पाठवू दे, आणि तापमानाचाही. पाठवले तर थंडीत, डिसेंबर-जानेवारीत, गाडीने थर्माकोलच्या पेटीत रातोरात घेऊन जाऊ दे. नाही पाठवले किंवा "मावशी बघू, करू" सुरू झालं तर त्याच्यावर वाईट न वाटून घेता चिलर असलेला दुसरा पाळणारा शोधा, रीतसर नोंद करून द्या. मावशीचं नातं राहील ते राहीलच, प्राणी त्यात अडकवायचं कारण नाही.

तीन आठवड्यांनी वजनाचे आकडे आणि एक फोटो पाठवा मला. फोटो दिवसाउजेडी काढा आणि फ्लॅश बंद ठेवा, त्याला पापण्या नाहीत.